दाढ काढण्याआधी शेकाचा कागद दाखवा

श्रोतेहो, नमस्कार. तोंडाच्या कर्करोगासाठी किरणोपचार घेऊन बऱ्या झालेल्या माणसाचा दात दुखू लागला, तर काय करावे, याविषयी आज मी आपल्याशी बोलणार आहे. घरात असे कोणी असेल, तर घरच्यांनीही कृपया जवळ बसून ऐकावे.

किरणोपचार, म्हणजे रुग्णांच्या बोलीतला ‘शेक’, बहुधा आठवड्यातून ५ दिवस, असा ६ ते ७ आठवडे देतात. त्याची एकूण मात्रा साधारण ६० ते ७० ग्रे असते. ग्रे हे किरणांची मात्रा मोजण्याचे एकक आहे. या मात्रेने गाठ मरते, परंतु किरणांच्या वाटेत येणाऱ्या लाळग्रंथींना आणि जबड्याच्या हाडालाही तिची झळ लागते. तोंडातले आम्ल सौम्य करणारी आणि दातांना खनिजे पुरवणारी लाळच आटल्यामुळे हिरडीलगत, दाताच्या मानेभोवती कीड लागते आणि काही महिन्यांत दात तिथूनच मोडू शकतो. हाडाचे नुकसान मात्र वरून दिसत नाही. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्या आक्रसतात, पेशी कमी होतात, आणि जखम भरून काढण्याची हाडाची ताकद उणावते. दात काढल्यावर मागे उरणारी जखम हाडातलीच असते. ती न भरता हाड ३ महिन्यांहून अधिक काळ उघडे राहिले, तर हाडाचा तो भाग मृत झाला असे बहुधा समजले जाते. ऑस्टिओरेडिओनेक्रोसिस हे त्या विकाराचे नाव. वरच्या जबड्यापेक्षा खालच्या जबड्यात तो अधिक आढळतो. आणि वर्षे उलटली म्हणून हा धोका संपत नाही. पुन्हा सांगते, शेक घेऊन कितीही वर्षे झाली असली, तरी हा धोका संपत नाही.

हे मला पुस्तकातून ठाऊक होते. ते खऱ्या अर्थाने कळले एका गृहस्थांमुळे.

साठीच्या आसपासचे ते गृहस्थ एका सकाळी गालावर हात धरून माझ्या दवाखान्यात आले. उजवीकडची खालची शेवटून दुसरी दाढ रात्रभर ठणकत होती. ‘आपल्याला कोणता आजार आहे का?’ या छापील प्रश्नापुढे त्यांनी ‘नाही’ असे स्वच्छ अक्षरात लिहिले होते. दाढ जवळजवळ हिरडीपर्यंत मोडलेली होती, तोंड जेमतेम दोन बोटे उघडत होते, आणि ते दुखण्यामुळेच असणार असे मी गृहीत धरले. दाढ काढून टाकावी असे ठरले. सुई भरून ठेवली, चिमटा ताटलीत मांडला, आणि जबड्याला आधार देण्यासाठी मी डावा हात त्यांच्या हनुवटीखाली नेला. दिव्याचा झोत गालावर पडला होता. डाव्या गालावर दोन दिवसांची पांढरी दाढी होती. उजव्या जबड्याखाली मात्र तळहाताएवढ्या जागेत एकही केस नव्हता आणि तिथली त्वचा ताणलेली, किंचित काळसर होती.

मी हात मागे घेतला आणि विचारले, “इथे दाढी येत नाही का?”

“नाही, डॉक्टर. नऊ वर्षांपूर्वी जिभेच्या कडेला गाठ होती. शेक घेतला, तेव्हापासून तिथे केस येत नाहीत.”

“मग मघाशी लिहिले का नाहीत?”

“आजार आहे का, असे विचारले होते. होता, आता नाही.”

त्यांचे उत्तर अचूक होते, चुकला होता तो माझा प्रश्न. त्या दिवसापासून मी तो बदलला आहे आणि रुग्ण खुर्चीवर आडवा होण्याआधी, समोरासमोर बसून, स्वतः विचारते की आजवर कोणकोणते मोठे उपचार झाले. माझे तर असे ठाम मत आहे की, तोंड उघडे ठेवून आडव्या पडलेल्या माणसाची माहिती घेणे ही पद्धतच सोडून दिली पाहिजे; त्या स्थितीत कोणीही ‘हं’ एवढेच म्हणू शकतो.

चिमटा मी उचलून ठेवला. दुखण्यावर औषध दिले आणि जिथे त्यांनी शेक घेतला होता, तिथल्या डॉक्टरांकडून त्या दाढेच्या हाडाला नेमकी किती मात्रा मिळाली, ते मागवले. दोन दिवसांनी उत्तर आले की, ती ६० ग्रेच्या वर होती. आम्ही दाढ काढली नाही. तिचे रूट कॅनाल केले, म्हणजे मुळांच्या आतली नस बारीक सुयांनी काढून ती पोकळी भरली, आणि ते सोपे नव्हते, कारण चावण्याचे स्नायू शेकाने आखडलेले असल्यामुळे सुया उभ्या धरायला जागाच नव्हती. उरलासुरला माथा हिरडीच्या पातळीपर्यंत कापल्यावर वाट मिळाली. हिरडीला ओरखडा उमटू नये, सुई मुळाच्या टोकापलीकडे जाऊ नये, एवढीच काळजी करत, दर काही मिनिटांनी त्यांना तोंड मिटू देत, चार बैठकांत ते काम झाले आणि मुळे वरून बंद करून जबड्यातच ठेवली. तिसऱ्या बैठकीनंतर जबडा चोळत त्यांनी विचारले, “काढली असती, तर एका दिवसात सुटलो असतो ना?” मी म्हणाले, “दाढ एका दिवसात सुटली असती. जखम कधी भरली असती, ते मला सांगता आले नसते.” ते काही बोलले नाहीत, पण चौथ्या बैठकीला वेळेच्या अर्धा तास आधी येऊन बसले होते.

आता थोडे सर्वांसाठी. शेक सुरू होण्याआधीच दात तपासून घ्यावेत. जे वाचणार नाहीत ते तेव्हाच, जखम भरण्यासाठी निदान दोन आठवडे हाताशी ठेवून, काढावेत. शेकानंतर दातांच्या मापाच्या साच्यात फ्लोराइडचे जेल घालून ते रोज लावायचे असते, आणि रोज म्हणजे खरोखर रोज. साध्या पेस्टमध्ये फ्लोराइड दशलक्ष भागांत साधारण १००० ते १५०० भाग असते, या जेलमध्ये ते ५००० च्या आसपास असते. म्हणून ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणेच वापरावे. तोंड उघडण्याचा व्यायामही सोडू नये.

मात्र दात काढण्याच्या भीतीने सडका, पू धरलेला दात तसाच ठेवणे हेही घातक आहे, कारण त्याचा संसर्ग त्याच दुबळ्या हाडात उतरतो. काढावाच लागला, तर या कामाचा अनुभव असलेल्या शल्यचिकित्सकाकडून, हाडाला कमीत कमी इजा करून काढावा आणि जखम पूर्ण भरेपर्यंत दाखवत राहावे. बंद कक्षात जास्त दाबाखालचा प्राणवायू देऊन अशा हाडाला वाचवता येईल, असा विचार अमेरिकी शल्यचिकित्सक रॉबर्ट मार्क्स यांच्या १९८३ च्या मांडणीनंतर रुजला; तथापि २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत दात काढताना त्याचा प्रतिबंधक फायदा दिसला नाही. त्यामुळे तो उपाय कोणी सुचवला, तर तो आपल्यालाच का हवा, हे अवश्य विचारावे.

आणि शेकाचा कागद जपावा. जबड्याच्या कोणत्या बाजूला किती मात्रा मिळाली, हे त्यावर लिहून मागावे. तो आपला हक्क आहे. पुन्हा सांगते, दंतवैद्याने हत्यार हातात घेण्याआधी तो कागद त्याच्या हातात असावा.

ते गृहस्थ आता दर तीन महिन्यांनी तपासणीला येतात. मात्रेचा तो कागद चौघडी करून त्यांनी चष्म्याच्या डबीत ठेवला आहे. मला तो पाठ झाला आहे, तरीही खुर्चीवर बसण्याआधी ते डबी उघडतात, कागद उलगडून माझ्यापुढे धरतात, आणि मी तो प्रत्येक वेळी पूर्ण वाचते.