परळच्या पदपथावरचे संध्याकाळचे जेवण

(दृश्य : संध्याकाळचे परळ. रुग्णालयासमोरचा पदपथ, गाठोडी, औषधांच्या पिशव्या, फाईली.)

मुंबईत परळला के.ई.एम., वाडिया आणि टाटा ही तीन मोठी रुग्णालये एकमेकांच्या शेजारी उभी आहेत. १९४१ साली सुरू झालेल्या टाटा स्मारक रुग्णालयात बिहार, उत्तर प्रदेश, झारखंड, बंगाल, विदर्भ, मराठवाडा अशा दूरदूरच्या भागांतून कर्करोगाचे रुग्ण येतात, आणि त्यांच्यापैकी ज्यांना धर्मशाळेत जागा मिळत नाही व खोलीचे भाडेही परवडत नाही, ते समोरच्या पदपथावर प्लॅस्टिक अंथरून राहतात. तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगाला रेडिएशन द्यायचे ठरले, की ते बहुधा आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे चालते. मधल्या काळात गावी जाऊन येणे परवडत नाही आणि झेपतही नाही. गावात घर आहे, अंगण आहे, क्वचित दोन-चार एकर शेतीही आहे; तरी तेवढ्या काळापुरती ही माणसे बेघरच असतात.

त्यांना जेवण वाटणारे लोक इथे पुष्कळ येतात. माजी पोलीस आयुक्त डी. शिवानंदन यांनी सुरू केलेल्या रोटी बँकेसारख्या संस्था समारंभांत आणि हॉटेलांत उरलेले चांगले अन्न गोळा करून गरजूंपर्यंत पोहोचवतात. ही चित्रफीत मात्र आसपासच्या चाळींतल्या आणि सोसायट्यांतल्या काही स्वयंसेवकांच्या कामाविषयी आहे. त्यांनी आपल्या गटाला नाव दिलेले नाही.

(दृश्य : रिकाम्या हातांनी पदपथावर फिरणाऱ्या दोन स्त्रिया. एकीच्या हातात वही.)

त्यांची पहिली फेरी अन्न न घेताच होते. वहीत तीन रकाने आखलेले आहेत : चावता येते, मऊ लागते, नळीने घेतात. जबड्याची शस्त्रक्रिया झालेला एक मनुष्य तोंडावर पंचा धरून भिंतीला टेकून बसला आहे. वही घेतलेल्या काकू त्याच्यासमोर उकिडव्या बसतात आणि विचारतात, "भैया, आज क्या निगल पा रहे हो?" तो बोलत नाही. शेजारी बसलेली त्याची बायको बोटांची चिमूट करून दाखवते : एवढेच, तेही पातळ. काकू मधल्या रकान्यात खूण करतात आणि मग त्या बायकोकडे वळून विचारतात, "और आप?" हा दुसरा प्रश्न फार महत्त्वाचा आहे असे आम्हाला वाटते. आपल्या माणसाला गिळता येत नसताना त्याच्यासमोर भाजी-चपाती खाणे अनेकांना जमत नाही. काही जण पाठ फिरवून खातात, तर काही उपाशीच राहतात. म्हणून सोबत आलेल्यांचे जेवण इथे वेगळे बांधले जाते आणि थोडे पलीकडे, झाडाच्या पारापाशी वाढले जाते.

मऊ खिचडीत मूगडाळ जास्त आणि तांदूळ कमी असतो. तिखट अजिबात नसते, हळद आणि तूप असते, आणि ती डावाने घोटून सरसरीत केलेली असते. केमोथेरपीने प्रतिकारशक्ती घटलेल्या रुग्णांना कापून ठेवलेली फळे आणि कच्ची कोशिंबीर बाधू शकते, म्हणून फळ द्यायचे तर केळे, तेही सालासकट. नळीने आहार घेणाऱ्यांना हे स्वयंसेवक स्वतःच्या मनाने काहीही देत नाहीत. रुग्णालयातील आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या कागदाप्रमाणे लागणारे दूध वा सत्त्व आणून देतात. मुंबईच्या दमट हवेत शिजलेला भात लवकर आंबतो, त्यामुळे टोप चुलीवरून उतरल्यापासून दोन तासांत वाटप संपवण्याचा नियम ते कसोशीने पाळतात, आणि उरलेले कोणाच्याही हाती रात्रीसाठी म्हणून ठेवत नाहीत.

(दृश्य : कचरापेटीशेजारी न उघडलेली पाकिटे.)

रविवारी, एकादशीला, पितृपक्षात आणि कोणाच्या वाढदिवसाला या रस्त्यावर एकामागून एक गाड्या थांबतात. पुरी-भाजी येते, बिर्याणी येते, मिठाई येते. देणाऱ्यांचा भाव खरा असतो, याविषयी शंका नाही. पण ज्याच्या तोंडात फोड आलेले आहेत त्याला पुरी खाता येत नाही, आणि एका संध्याकाळी चौथे पाकीट मिळाले तर ते कोणीच खाऊ शकत नाही. नंतर मंगळवार उजाडतो आणि कोणीही येत नाही. २६ जानेवारी २०२० रोजी राज्य शासनाने दहा रुपयांत शिवभोजन थाळी सुरू केली, परंतु ती दुपारच्या ठराविक वेळेतली सोय आहे. संध्याकाळ मोकळीच राहते. म्हणून या गटाचे निम्मे काम फोनवर चालते : रविवारी येऊ इच्छिणाऱ्या कुटुंबाला मंगळवारी यायला राजी करणे, मिठाईऐवजी दूध मागणे. ते काम दिसत नाही. आमच्या मते तेच सर्वांत मोलाचे आहे.

हिंदमाता उड्डाणपुलाच्या बाजूला राहणाऱ्या कुटुंबांची गरज आणखी निराळी आहे. त्यांतील बहुतेक जण मजुरी करतात, भंगार वेचतात, आणि तीन विटांच्या चुलीवर स्वतः रांधतात. त्यांना शिजवलेल्या अन्नापेक्षा तांदूळ, तूरडाळ, तेल आणि पिण्याचे पाणी हवे असते, कारण पत्ता नसलेल्या माणसाला शिधापत्रिका मिळवणे अवघड जाते. मोठ्या शहरांत दर एक लाख लोकसंख्येमागे एक निवारा असावा, असे सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशांनंतर ठरले. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईची लोकसंख्या सव्वा कोटीच्या आसपास होती, म्हणजे सुमारे सव्वाशे निवारे हवेत. प्रत्यक्षातील संख्या त्याच्या जवळपासही नाही. वाटपाच्या कामाने ही उणीव भरून निघत नाही, आणि स्वयंसेवकही तसा दावा करत नाहीत. आधारकार्ड आणि शिधापत्रिकेचे अर्ज भरून देण्यासाठी त्यांच्यातील दोघे निवृत्त कारकून महिन्यातून एका शनिवारी पुलाखाली बसतात.

संत गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे धर्मशाळा उभारल्या, आणि भुकेल्याला अन्न व बेघराला आसरा हेच आपल्या कीर्तनांतून सांगितले. दादरला त्यांच्या नावाने चालणारी धर्मशाळा आजही कर्करोगाच्या रुग्णांना आसरा देते, आणि पदपथावरील अनेक कुटुंबे तिथे नंबर लागण्याची वाट पाहत असतात. नंबर लागला, की वहीतील नाव खोडले जाते.

नव्याने येणाऱ्या स्वयंसेवकाला पहिले काही दिवस फक्त वही दिली जाते, डाव नाही. छायाचित्रे काढायला मनाई आहे. त्याच नियमाने या चित्रफितीत जेवण घेणाऱ्या कोणाचाही चेहरा दाखवलेला नाही. सध्या रविवारसाठी माणसे पुरेशी आहेत. मंगळवार आणि गुरुवारच्या संध्याकाळसाठी, मऊ खिचडी घोटता येईल अशी माणसे हवी आहेत.