नसांच्या गोळीची मागची बाजू

(दृश्य: स्वयंपाकघराचा कट्टा. स्टीलच्या डब्यात औषधांच्या पट्ट्या.)

अण्णांच्या पायातून चप्पल निसटली. आठ-दहा पावलं ते तसेच चालत गेले. मागून येणाऱ्या पोरानं हाक मारली, तेव्हा कळलं. जुन्या मधुमेहात तळवे असे बधिर होतात, आणि रात्री त्याच तळव्यांची आग होते.

त्यावर डब्यात आली ‘नसांची गोळी’. जीवनसत्त्वंच तर आहेत, त्यानं काय होतंय, म्हणून ती वर्षानुवर्षं चालू राहते.

(दृश्य: पट्टी उलटी होते. बारीक अक्षरं, भिंग.)

अल्फा लिपोइक ॲसिड. मधुमेहानं दुखावलेल्या नसांसाठी जर्मनीत हे कित्येक वर्षं वापरलं जातं. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रुग्णांना पाच आठवडे रोज ६००, १२०० किंवा १८०० मिलिग्रॅम दिलं होतं. आराम तिन्ही गटांत जवळपास सारखाच पडला. मात्रेबरोबर वाढली ती मळमळ, उलट्या आणि चक्कर. क्वचित कुणाच्या शरीरात याच्यामुळे इन्सुलिनविरुद्ध प्रतिद्रव्यं तयार होतात आणि साखर एकदम उतरते. इन्सुलिन कधीच न घेतलेल्यांचीसुद्धा. पहाटे दरदरून घाम, हातांना थरथर, असं झालं तर या गोळीचं नाव डॉक्टरांना सांगायलाच हवं.

पण मला जास्त काळजी वाटते ती पायरिडॉक्सिनची, म्हणजे बी-६ची. ते फार झालं तर नसाच बिघडवतं. १९८३ साली अमेरिकेत सात रुग्णांची नोंद झाली. रोज २ ते ६ ग्रॅम घेऊन त्यांचा तोल जाऊ लागला होता, हातपाय बधिर झाले होते. आपल्या गोळीत इतकं नसतं, हे खरं. पण पुष्कळ दिवस घेतलं तर कमी मात्रेतही त्रास झालेला आहे. युरोपनं २०२३मध्ये प्रौढांसाठी रोजची मर्यादा १२ मिलिग्रॅमवर आणली.

आणि लक्षण कोणतं? मुंग्या. माणसाला वाटतं दुखणंच वाढलं, म्हणून तो आणखी एक गोळी सुरू करतो.

म्हणून सगळंच बंद करू नका. मेटफॉर्मिन या मधुमेहाच्या गोळीनं बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकतं. ज्याचं कमी आहे, त्याला ते लागतंच. रक्त तपासलं की कळतं.

(दृश्य: कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीवर पेन्सिलीनं बेरीज.)

नसांची गोळी, ताकदीची गोळी, नातवानं आणलेली मल्टिव्हिटॅमिन. अण्णा तिन्हींतलं बी-६ एकाखाली एक मांडताहेत. संध्याकाळी हा कागद आणि अख्खा डबा डॉक्टरांच्या टेबलावर जाणार आहे.