हे तेल जळत नाही, मग गेलं कुठे?

नमस्कार श्रोतेहो.

इंजिनाचं ऑइल थोडं कमी झालं तर कोणी फारसं घाबरत नाही. इंजिन थोडं तेल खातंच. ते पिस्टनच्या रिंगांपाशी जळतं आणि धुरावाटे निघून जातं. पण छोट्या ट्रॅक्टरच्या मागच्या हाऊसिंगमध्ये, म्हणजे गिअर बसवलेल्या बंद पेटीत, असलेलं हायड्रॉलिकचं तेल जळत नाही. पंप, व्हॉल्व्ह, सिलिंडर आणि परत हाऊसिंग, असं ते आतल्या आत फिरत राहतं. म्हणून ते डिपस्टिकवर, म्हणजे तेल मोजायच्या काठीवर, कमी दिसलं, की एक तर आपण मोजायला चुकलेले असतो, नाही तर तेल कुठून तरी निसटलेलं असतं. यातलं काय झालंय ते न बघताच कॅन उचलला जातो, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आज त्याबद्दलच बोलायचं ठरवलं.

आधी हे तेल करतं काय, ते पाहू. बहुतेक छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअरबॉक्स, डिफरन्शियल, तेलात बुडालेले ब्रेक आणि अवजार उचलणारी मागची लिफ्ट या सगळ्यांना एकच तेल असतं. बऱ्याच मॉडेलमध्ये पॉवर स्टिअरिंगही त्यावरच चालतं, आणि ट्रॅक्टर हायड्रोस्टॅटिक, म्हणजे तेलाच्या दाबावर चालणारा, असेल तर चाकं फिरवायची ताकदही तेच पोहोचवतं. लिफ्टचा हिशोब करून बघा. सिलिंडरचा व्यास ८ सेंटिमीटर धरला तर पिस्टनचं क्षेत्रफळ साधारण ५० चौरस सेंटिमीटर होतं. पंपाचा दाब १५० बार, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ढोबळमानाने १५० किलो. गुणाकार केला की ७५०० किलो. लिफ्टच्या दांड्यांच्या लांबीमुळे अवजाराच्या टोकाला त्यातला थोडाच भाग पोहोचतो, तरीही वजनदार रोटाव्हेटर एका बोटाच्या इशाऱ्यावर वर येतो.

हे जमतं, कारण तेल जवळजवळ दबतच नाही. १५० बारला ते जेमतेम एक टक्का आकसतं. हवा मात्र स्पंजासारखी दबते. तेलाची पातळी खाली गेली, की पंप तेलाबरोबर हवाही ओढतो. मग लिफ्ट हिसके देत चढते, पंप किणकिणतो आणि तेलाला फेस येतो. उतारावर हे लवकर लक्षात येतं, कारण तेल एका टोकाला सरकतं आणि पंपाला तेल पुरवणारं तोंड उघडं पडतं. सपाटीवर नीट चालणारी लिफ्ट चढाला कुरकुरायला लागली, तर मी सगळ्यात आधी डिपस्टिककडे हात नेतो.

आता मोजायचं कसं? ट्रॅक्टर सपाट जागी लावा. पार्किंग ब्रेक ओढा, पीटीओ, म्हणजे अवजार फिरवणारा मागचा शाफ्ट, बंद करा. मागचं अवजार जमिनीवर टेकवा, लोडर असेल तर त्याची बकेटही खाली ठेवा. इंजिन बंद करून चावी काढून घ्या आणि तेलाला बसायला वेळ द्या. थंड तेलावर माप खात्रीचं मिळतं, म्हणून सकाळी काम सुरू करण्याआधीची वेळ मला सगळ्यात बरी वाटते.

अवजार खाली टेकवण्याचं महत्त्व मला एका नुकसानीनंतर कळलं. लोडर वर होता, मागचा रोटाव्हेटरही वरच होता, आणि मी घाईत डिपस्टिक काढली. तेल खालच्या खुणेच्याही खाली दिसलं. मी दीडेक लिटर ओतून ते वरच्या खुणेला आणलं. नंतर दोन्ही खाली घेतले, तेव्हा सिलिंडरांच्या पोटातलं तेल हाऊसिंगमध्ये परत आलं. दुसऱ्या दिवशी तासभर काम झालं नसेल, तोच ब्रीदरमधून, म्हणजे हाऊसिंगमधली हवा ये-जा करते त्या तोंडातून, फेसाळ तेल ओघळायला लागलं आणि सीटखालचा सगळा भाग चिंब झाला. जास्त भरलेलं तेल गिअर घुसळून काढतात, त्याला फेस येतो, ते तापतं आणि सीलांवर ताण येतो. ते सगळं पुसून काढताना, थोडं जास्त असलं तर काय बिघडतं, हा माझा समज कायमचा गेला.

उचलून रिकामी होणारी ट्रॉली जोडलेली असेल, तर हा फरक आणखी मोठा असतो. १० सेंटिमीटर व्यासाचा आणि एक मीटर बाहेर येणारा सिलिंडर जवळजवळ ८ लिटर तेल पोटात घेतो. छोट्या ट्रॅक्टरच्या एकूण तेलातला हा मोठा वाटा आहे. म्हणून ट्रॉली खाली असताना मोजा, आणि ती वर गेल्यावरही पंपाला पुरेल इतकं तेल आत उरतं का, ते मॅन्युअलमध्ये आधी बघून ठेवा. अशी ट्रॉली दोन-तीन ट्रॅक्टरना आलटून पालटून लागत असेल, तर त्या सगळ्यांचं तेल एकमेकांत मिसळतं. एकात पाणी असेल, तर ते दुसऱ्यातही पोहोचतं.

डिपस्टिक काढण्याआधी तिच्या भोवतीची जागा फडक्याने स्वच्छ पुसा. हा सल्ला सगळे ऐकतात आणि पाळत कोणी नाही. ही काठी बहुतेक वेळा सीटच्या मागे किंवा पीटीओच्या वर असते, आणि ट्रॅक्टरवर सगळ्यात जास्त माती तिथेच साठते. वाळूचा बारीक कण आत पडला, की पंपाच्या आणि व्हॉल्व्हच्या घासून बसवलेल्या भागांवर तो ओरखडे काढतो. डिपस्टिक पुसायलाही धागे सुटणारं फडकं घेऊ नका. आणखी एक बारकावा आहे. काही ट्रॅक्टरमध्ये डिपस्टिक आट्यांवर नुसती टेकवून वाचायची असते, काहींत पूर्ण आवळून. या फरकाने माप बदलतं, त्यामुळे आपल्या मॉडेलची रीत मॅन्युअलमध्ये एकदा बघून घ्या. काही ट्रॅक्टरना काठीऐवजी काचेची खिडकी किंवा पातळीचा बोल्ट असतो.

काठी बाहेर आली की नुसती पातळी बघून ती परत खुपसू नका. उजेडात धरा. चांगलं तेल पारदर्शक, मधासारखं दिसतं. ते दुधाळ झालं असेल, तर आत पाणी आहे. ट्रॅक्टर पावसात उघडा राहिला, गिअर लिव्हरचं रबर फाटलं, जोराच्या फवाऱ्याने धुताना ब्रीदरवर पाणी मारलं, अशा वाटांनी ते शिरतं. पाणी शिरलेल्या हाऊसिंगचा ड्रेन बोल्ट सैल केला, की कित्येकदा आधी तळाला बसलेलं पाणी येतं आणि मग ताकासारखं तेल. तेव्हा वरून नवं तेल ओतून काही साधत नाही. सगळं काढून, फिल्टर बदलून, पाण्याची वाट बंद करावी लागते. तेल काळपट झालं असेल आणि जळका वास येत असेल, तर ते बेसुमार तापलंय. ड्रेन बोल्टला चुंबक असेल, तर त्यावरचा करडा बारीक लगदा सर्वसाधारण झिजेचा असतो. बोटाला टोचणारा तुकडा सापडला, तर मात्र ट्रॅक्टर थांबवून मिस्त्रीला बोलवा.

मोजणी नीट केली आणि तरीही तेल कमीच निघालं, तर शोध सुरू करा. होजची म्हणजे तेलाच्या नळ्यांची टोकं, त्या झटपट जोडायचे क्विक कपलर, मागच्या ॲक्सलचं सील, पीटीओ शाफ्टभोवतीची ओल, सगळं बघा. बाहेर काहीच दिसलं नाही, तर इंजिनाची डिपस्टिक काढा. काही ट्रॅक्टरमध्ये हायड्रॉलिक पंप इंजिनाला जोडलेला असतो आणि त्याचं सील गेलं, की हे तेल गुपचूप इंजिनात उतरतं. तेव्हा मागचं तेल कमी होतं आणि इंजिनाचं वाढतं.

आता जे सांगतोय, ते मनावर घ्या. गळती हाताने चाचपू नका. सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातून दाबाने येणारी तेलाची धार डोळ्यांना दिसतही नाही आणि ती कातडी भेदून आत जाते. हातमोज्याने ती अडत नाही. पुठ्ठ्याचा मोठा तुकडा लांबून धरून होजजवळून फिरवा, धार त्यावर उमटेल. बोटाला असं तेल लागलंच, तर वरून फक्त टोचल्यासारखा ठिपका दिसतो आणि सुरुवातीला फारसं दुखत नाही. आत मात्र काही तासांत मांस मरायला लागतं आणि बोट गमवायची वेळ येते. उशीर न करता रुग्णालय गाठा आणि दाबाचं तेल आत शिरलंय, हे पहिल्याच वाक्यात सांगा. कोणतीही जोडणी सोडण्याआधी अवजार टेकवा, इंजिन बंद करा आणि लिव्हर दोन्हीकडे हलवून दाब उतरवा. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर वर धरलेल्या अवजाराखाली कधीही जाऊ नका.

गळती बंद झाली, की तेल भरा. मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या दर्जाचंच घ्या. हे तेल ओल्या ब्रेकच्या चकत्यांना धरता-सोडता यावं, यासाठी त्यात खास द्रव्यं घातलेली असतात. इंजिन ऑइल ओतलं तर ब्रेक कर्कश ओरडतात आणि थरथरतात. ब्रेक फ्लुइड तर चुकूनही नको, त्याने सील फुगून निकामी होतात. आत कोणतं तेल आहे हेच माहीत नसेल, तर मिसळत बसण्यापेक्षा सगळं बदललेलं बरं. स्वच्छ नरसाळ्याने अर्धा-अर्धा लिटर घाला आणि मध्ये थांबा, कारण तेल ॲक्सलच्या दोन्ही टोकांपर्यंत पोहोचायला वेळ घेतं.

मग इंजिन सुरू करून लिफ्ट चार-पाच वेळा वर-खाली करा, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवा, म्हणजे अडकलेली हवा निघून जाईल. सगळं खाली टेकवून इंजिन बंद करा आणि पुन्हा मोजा. किती तेल लागलं, ते अवर मीटरच्या आकड्याशेजारी वहीत लिहून ठेवा. १० तासांनी पुन्हा काठी काढाल, तेव्हा तेल तिथेच आहे की परत निघालंय, ते त्या नोंदीवरून कळेल.

नमस्कार.