मँगनीज: रिवणच्या खाणीपासून भाताच्या पानापर्यंत

[दृश्य: रिवण परिसर, हातात काळा खडा]

गोव्यातली खाण म्हटली की डोळ्यांपुढे येते ती तांबडी धूळ, लोहखनिजाची. पण दक्षिण गोव्यात रिवणच्या बाजूला लोखंडाच्या जोडीनं आणखी एक खनिज निघालं, काळं. खडा आकाराच्या मानानं जड लागतो आणि खाली ठेवला तरी बोटांवर काजळीसारखी पूड राहते. हे मँगनीज. मुरगाव बंदरातून ते परदेशी गेलं. आपण त्याला टनांत मोजलं. त्याची करामत मात्र अणूंच्या मापात पाहावी लागते.

१७७४ साली स्वीडनच्या योहान गान यांनी हे खनिज कोळशाबरोबर तापवून धातू वेगळा केला. अणुक्रमांक २५. रंग रुपेरी-करडा, वितळतो १२४६ अंश सेल्सिअसला. कठीण, पण ठिसूळ. हातोडा बसला की तुकडे. म्हणून नुसत्या मँगनीजची वस्तू कुणी घडवत नाही. ते जातं पोलादात. लोखंडातलं गंधक ते स्वतःकडे ओढून घेतं, नाहीतर पोलाद तापवून लाटताना चिरतं. १८८२ मध्ये रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी सुमारे १२ टक्के मँगनीज घालून असं पोलाद बनवलं, की जे ठोके खाऊन अधिकच कडक होतं. रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात तिथले भाग आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे याच पोलादाचे.

[दृश्य: विहीर, पाण्यात पसरणारा जांभळा रंग]

विहिरीत टाकायचं जांभळं औषध, पोटॅशियम परमँगनेट, तेही याचंच. मँगनीजचा अणू एकामागून एक इलेक्ट्रॉन सोडू शकतो, आणि प्रत्येक पायरीवर त्याच्या संयुगांचा रंग पालटतो: फिकट गुलाबी, काळा, हिरवा, जांभळा. ही पायरीपायरीची देवघेव लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

[दृश्य: खाजन शेती, भाताचं पान जवळून]

या पानात सूर्यप्रकाश पाणी फोडतो, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते काम मँगनीजचे चार अणू आणि कॅल्शियमचा एक अणू मिळून करतात. प्रकाशाचा एक कण पडला की या जुडग्यातून एक इलेक्ट्रॉन जातो. असे चार गेले की ते पाण्याच्या दोन रेणूंकडून चार इलेक्ट्रॉन वसूल करतं आणि प्राणवायूचा एक रेणू सुटतो. २०११ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी क्ष-किरणांच्या साहाय्यानं या जुडग्याची रचना अणूअणूनिशी दाखवली. शेवाळापासून माडापर्यंत ती एकच आहे. मला याच्यासमोर पोलादाचं कौतुक थोडं कमीच वाटतं.

आपल्या शरीरात मँगनीज जेमतेम १० ते २० मिलिग्रॅम. पेशींतल्या ऊर्जाघरांत तयार होणारे घातक ऑक्सिजन-कण निकामी करणारं एक विकर त्याच्यावर चालतं. भात, नाचणी, मिरी, लवंग यांतून ते पुरेसं मिळतं, आणि जास्त झालेलं यकृत पित्तावाटे बाहेर टाकतं. पण वेल्डिंगचा धूर किंवा खनिजाची पूड श्वासातून गेली, तर ती यकृताला वळसा घालून मेंदूपर्यंत पोचते. वर्षानुवर्षे असं झालं की हातपाय ताठरतात, चाल बिघडते, चेहरा निर्विकार होतो. वेल्डिंगवाल्याच्या डोळ्यांपुढे काळी काच असतेच. धूर ओढून नेणारा पंखाही तितकाच गरजेचा आहे.

[दृश्य: दोना पावला, समुद्र]

इथल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी २६ जानेवारी १९८१ रोजी 'गवेषणी' जहाजावरून हिंद महासागराच्या तळाचे मँगनीजचे गोटे भारतासाठी पहिल्यांदा वर काढले. मुठीत मावणारा गोटा, पण दहा लाख वर्षांत वाढतो काही मिलिमीटर. त्यात निकेल, तांबं, कोबाल्टही असल्यामुळे जगाचा डोळा त्यावर आहे. उत्खननानं तळाचं काय होईल हे पाहायला १९८९ मध्ये पेरूजवळ जर्मन शास्त्रज्ञांनी असा तळ मुद्दाम नांगरून पाहिला. २०१५ मध्ये कॅमेरे उतरवले तेव्हा चर तसेच होते. तळ ढवळण्याची चाचणी आपल्या संस्थेनंही १९९७ मध्ये केली. उत्खननाचा निर्णय होण्याआधी या चाचण्यांतून काय दिसलं, ते गोव्यातल्या लोकांना मराठीत आणि कोंकणीत समजावून सांगितलं पाहिजे. खाण काय मागे ठेवून जाते, हे इथल्या गावांनी पाहिलेलं आहे.