भरती चढल्यावर फ्लेमिंगो कुठे जातात?

(ऐरोली, नवी मुंबई. बोट धक्क्यावरून निघते.)

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून सुटणाऱ्या या बोटीची वेळ रोज बदलते, कारण ती भरती-ओहोटी बघून ठरते. पाणी फार उतरलं तर बोट चिखलात रुतेल.

दोन्ही काठांना कांदळवन. यातली बहुतेक तिवरं. चिखलातून बोटाएवढी टोकं वर आली आहेत, ती त्यांची मुळं. या चिखलात हवा जवळजवळ नसते, म्हणून तिवर श्वास घ्यायला मुळं वर काढतं. खाऱ्या पाण्यातलं जादा मीठ ते पानांवाटे बाहेर टाकतं. पानावर चमकताहेत ते मिठाचे कण.

(खाडीचा मध्य. लांबवर गुलाबी पट्टा, मागे इमारती.)

ऐरोली आणि वाशीच्या पुलांमधली ही ठाणे खाडी. ऑगस्ट 2015 मध्ये राज्य सरकारनं इथे फ्लेमिंगो अभयारण्य जाहीर केलं. क्षेत्र सुमारे 1,690 हेक्टर, त्यात 896 हेक्टर कांदळवन. 2022 मध्ये ठाणे खाडी रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत, गेली. नांदूरमधमेश्वर आणि लोणारनंतर राज्यातली ही तिसरी जागा.

तांडेलानं इंजिन बंद केलंय. आता आवाज फक्त फ्लेमिंगोंचा.

(चोचीचं जवळून दृश्य.)

चोच नीट बघा. मधेच वाकलेली, आणि खाताना पूर्ण उलटी. डोकं खाली, चोचीची वरची बाजू तळाकडे. जीभ मागेपुढे होते, पाणी आत ओढलं जातं आणि लगेच बाहेर फेकलं जातं. चोचीच्या कडांना आतून बारीक पट्ट्यांची जाळी असते. पाणी निसटतं, खाणं अडकतं, जसं पीठ चाळताना चाळणीत कोंडा राहतो. फ्लेमिंगोला मराठीत रोहित म्हणतात. इथे जास्त दिसतो तो छोटा रोहित. त्याची जाळी फार बारीक, त्यामुळे डोळ्यांना न दिसणारं निळं-हिरवं शेवाळही त्याला पुरतं. मोठा रोहित उंच, फिकट. तो खोलवर चोच घालून चिखलातले छोटे जीव वेचतो. दोघं शेजारी शेजारी उभे राहतात आणि एकमेकांच्या खाण्यावर फारसे येत नाहीत. गुलाबी रंगही या खाण्यातूनच चढतो. कळपात मधेमधे राखाडी दिसतात ते अजून वयात न आलेले पक्षी.

थंडीच्या सुरुवातीला हे येऊ लागतात, पावसाच्या तोंडावर जातात. यातल्या अनेकांची वीण कच्छच्या रणात होते. इतर पक्षीही आहेत: काठावर शेकाटे, तुतारी, पाण्यावर कुरव. कोल्हाही या कांदळवनात राहतो. आम्हाला चिखलात त्याची पावलं मिळाली.

(पाणी चढतंय. चिखल बुडतो. थवा उठतो.)

आता खरी गोष्ट. भरती दिवसातून दोनदा येते. पाणी पायांच्या वर गेलं की इथे उभं राहता येत नाही, खाणंही थांबतं. मग थवे उडतात आणि त्यातले हजारो नेरूळ-सीवूड्सच्या पाणथळींवर उतरतात.

(नेरूळ. डीपीएस तलाव. एका पायावर उभा कळप.)

हे त्यांचं विश्रांतीचं ठिकाण. उथळ पाणी, मोकळी नजर. ओहोटी लागेपर्यंत इथेच थांबायचं, मग पुन्हा खाडीत. खाडी आणि हा तलाव मिळून त्यांचा एक दिवस पुरा होतो. नकाशावर मात्र अभयारण्याची रेघ इथवर येत नाही. ती यायला हवी, असं आम्हाला ठामपणे वाटतं.

2024 मध्ये खाडीचं पाणी तलावात येण्याची वाट बंद झाली, तलाव आटला, पक्षी मेले. नागरिकांनी पाठपुरावा केला. 2025 मध्ये राज्य वन्यजीव मंडळानं तलावाला संवर्धन राखीव क्षेत्र करायला मान्यता दिली. आजूबाजूच्या इतर पाणथळींना असं संरक्षण अजून मिळायचं आहे.

(भरावाची माती. पलीकडे पाण्यात पक्षी.)

यायचं असेल तर हिवाळ्यापासून मेपर्यंत या. बोटीसाठी ऐरोलीला आधी नोंदणी करा. नेरूळला मात्र पूर्ण भरतीच्या वेळी जा. ओहोटीला हीच जागा ओसाड वाटते, कारण पक्षी तेव्हा खाडीत जेवत असतात. कुणी ओहोटीचा फोटो दाखवून इथे पक्षीच नाहीत म्हणाला, तर फोटो किती वाजता काढला ते विचारा.