ताई, माई, अक्का आणि शिक्का

[दृश्य: जुनी लोखंडी मतपेटी. दर्शनी बाजूला चिकटवलेला, पिवळा पडलेला कागद. त्यावर बैलजोडी.]

साल 1951. देशातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला पहिल्यांदाच मत मिळालं होतं. मतदार 17 कोटींच्या वर. आणि त्याच वर्षीच्या जनगणनेनुसार शंभरातल्या जेमतेम 18 माणसांना लिहिता-वाचता येत होतं. मग उमेदवारांची नावं छापून कुणाला काय कळणार? पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढे हा प्रश्न होता. त्यांच्या आयोगाने काढलेला तोडगा आज आपल्या इतका अंगवळणी पडलाय, की तो कुणाला तरी डोकं चालवून शोधावा लागला, हे लक्षातच येत नाही. प्रत्येक पक्षाला एक चित्र द्यायचं. लोक चित्र बघून मत देतील.

त्या पहिल्या निवडणुकीत शिक्का मारायचा नव्हता. मतदान केंद्रात आडोशामागे पेट्यांची रांग असायची. जितके उमेदवार, तितक्या पेट्या. प्रत्येक पेटीवर एक चित्र. हातातल्या मतपत्रिकेवर कसलीही खूण न करता ती हव्या त्या पेटीत टाकायची आणि बाहेर यायचं, बस्स. या पेट्या लाखांनी लागल्या. त्यातल्या 12 लाखांहून जास्त आपल्या विक्रोळीत, गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या.

अडचण फक्त वाचण्यापुरतीही नव्हती. मतदारयाद्या करणारे दारात आले, तेव्हा लाखो बायकांनी स्वतःचं नावच सांगितलं नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढंच. सेन यांनी ठाम भूमिका घेतली: नाव नसेल तर नोंद नाही. सुमारे 28 लाख बायकांची नावं यादीतून गेली. निर्णय कडक होता आणि त्या निवडणुकीपुरता त्या बायकांवर अन्यायही झाला. पण पुढच्या खेपेला याद्यांमध्ये बाईचं स्वतःचं नाव लागलं, हे त्याच कडकपणाचं फळ, असं मला वाटतं.

[दृश्य: 1951-52 ची पक्षचिन्हं एकापाठोपाठ एक.]

आता ही चित्रं नीट बघा. काँग्रेसची बैलजोडी, खांद्यावर जू असलेली. समाजवाद्यांचं झाड. किसान मजदूर प्रजा पक्षाची झोपडी. कम्युनिस्टांचा विळा आणि कणीस. जनसंघाचा दिवा. हिंदू महासभेचा घोडेस्वार. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनचा हत्ती. आणि हाताचा पंजा? तो काँग्रेसकडे नव्हताच. पंजा होता फॉरवर्ड ब्लॉकच्या एका गटाचा, आणि त्या गटाचे पुढारी होते नागपूरचे कामगार नेते रुईकर. काँग्रेसच्या हाती पंजा आला तो थेट 1978 साली, पक्ष दुसऱ्यांदा फुटल्यावर. हत्तीचाही प्रवास असाच. बाबासाहेब 1952 ला मुंबईत लोकसभेची निवडणूक हरले, पण हत्ती मागे राहिला आणि पुढे बहुजन समाज पक्षाचा झाला.

प्रचाराचं काम त्या काळी एकच होतं: आमची पेटी कोणती, ते मतदाराच्या डोळ्यांत बसवणं. त्यासाठी काहीही चालायचं. कलकत्त्यात तर मोकाट गाईंच्या पाठीवर बंगालीत 'काँग्रेसला मत द्या' असं रंगवलं होतं. पुढे पुढे प्रचारात जिवंत बैल, हत्ती, पक्षी फिरवण्याचा इतका अतिरेक झाला, की प्राणिमित्रांच्या तक्रारींनंतर प्राण्यांची नवी चिन्हं देणंच आयोगाने थांबवलं.

[ध्वनी: डफ, तुणतुणं. मग भोंग्याची खरखर.]

महाराष्ट्रात 1957 ची निवडणूक मात्र लोकांनी जास्त करून कानांनी लढली. संयुक्त महाराष्ट्र समितीकडे पैसा नव्हता. माणसं होती. अण्णा भाऊ साठे, अमर शेख, गवाणकर असे शाहीर होते. गिरणगावच्या मैदानांत अत्र्यांची सभा असली, की पाळी सुटलेले कामगार घरी न जाता तसेच मैदानात येऊन बसत. आणि सकाळी हातात त्यांचंच दैनिक 'मराठा'. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे भले भले गड त्या वर्षी कोसळले. समिती म्हणजे अनेक पक्षांची मोट. पण लोकांनी सगळ्यांना एकाच मागणीच्या नावाने ओळखलं. त्या आवाजांची ताकद केवढी असेल!

[दृश्य: लाकडी मुठीचा रबरी शिक्का. क्लोज-अप. कागदावर उमटलेली खूण.]

1962 पासून सार्वत्रिक निवडणुकीत पद्धत बदलली. वेगवेगळ्या पेट्या गेल्या. सगळे उमेदवार एकाच मतपत्रिकेवर आले आणि मतदाराच्या हातात शिक्का आला. तो जरा जवळून बघण्यासारखा आहे. साधी फुली नाही ती, तिची टोकं बाणासारखी एकाच दिशेला वळलेली आहेत. कारण घडी घातली की ओली शाई समोरच्या भागावरही उमटते. साधी फुली असती, तर खरं मत कोणतं आणि डाग कोणता, हे मोजणाऱ्याला कळलं नसतं. ही खूण घडीतून उमटली तर आरशातल्यासारखी उलटी उमटते. टोकं कुठे वळलीत ते बघायचं, की लगेच निकाल. ज्याने कुणी हा विचार केला, त्याने अडाणी समजल्या जाणाऱ्या मतदाराचं एकेक मत वाया जाऊ नये म्हणून केला.

आणि या शिक्क्यानेच मराठीला तिची सगळ्यात लाडकी प्रचारघोषणा दिली. ताई, माई, अक्का, विचार करा पक्का, आणि पुढे ज्याचं त्याचं चिन्ह घालून, वर मारा शिक्का! पक्ष कोणताही असो, चाल तीच. रिक्षाला भोंगा बांधलेला, मागे पत्रकांसाठी पळणारी पोरं, कॉलरला टाचणीने लावलेले बिल्ले. घोषणा हाक मारते ती बायकांना, आणि हाक नात्याने मारते. यादीत नाव सांगायला लाजणाऱ्या बायका दहा-पंधरा वर्षांत प्रचाराच्या पहिल्या ओळीत आल्या होत्या. मशीनवर बटण दाबायला लागून जमाना झाला, 2004 पासून तर देशभर सगळीकडे मशीनच आहे, तरी गावाकडे आजही विचारतात, "शिक्का कुणावर मारला?"

हे चिन्ह गावागावात पोचवलं भिंतींनी. निवडणूक जाहीर व्हायच्या आधीच कार्यकर्ते रस्त्याकडेची चांगली भिंत अडवून ठेवत. कोपऱ्यात पक्षाचं नाव टाकलं, की ती आपली. मग चुन्याचा हात. तो वाळला, की पेंटर खडूची दोरी ताणून टिचकी मारायचा. वर शिरोरेघेची ओळ, खाली अक्षराच्या पायाची. गेरू, नीळ, काजळी, सरस. उमेदवाराचं नाव मोठं, पण चिन्ह त्याहून मोठं, आणि चिन्हाच्या शेजारी त्या शिक्क्याची खूण काढलेली. म्हणजे भिंत नुसती जाहिरात करत नव्हती, मतपत्रिकेवर काय करायचं ते शिकवत होती. यात चित्रकाराची खरी कसोटी असायची. पंजाची बोटं जमली नाहीत तर तो हातमोजा दिसतो. बैलजोडीत मागचा बैल पुढच्याच्या आड किती दाखवायचा, हे ज्याला कळलं तो गावात पेंटर म्हणून नाव काढायचा. या माणसांची नावं कुठल्याच इतिहासात नाहीत. लोकशाही गावात पोचली ती त्यांच्या ब्रशातून, असं म्हटलं तर मला त्यात काहीच वावगं वाटत नाही.

[दृश्य: गोवा. मांडवी नदी, फेरीबोट. मग पडद्यावर दोन चित्रं: फूल आणि दोन पानं.]

चित्रावर केवढं ओझं टाकता येतं, ते बघायचं तर गोव्यात जावं लागेल. 16 जानेवारी 1967. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित प्रदेश म्हणून वेगळं राहायचं, यावर जनमत कौल झाला. इथे उमेदवार नव्हता, पक्ष नव्हता, फक्त एक प्रश्न होता. तो दोन चित्रांत बसवला. विलीनीकरण हवं असेल तर फूल. वेगळं राहायचं असेल तर दोन पानं.

मग सारा गोवा फुला-पानांत वाटला गेला. एका बाजूला कौलासाठी मुख्यमंत्रिपद सोडलेले भाऊसाहेब बांदोडकर आणि महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष, दुसऱ्या बाजूला जॅक सिक्वेरा आणि त्यांचा युनायटेड गोवन्स. 'गोमन्तक' हे मराठी दैनिक विलीनीकरणाच्या बाजूने लिहीत होतं, आणि विरोधातला सगळ्यात धारदार आवाजही मराठीतच उमटत होता, 'राष्ट्रमत'मध्ये. उदय भेंब्रे यांचं 'ब्रह्मास्त्र' हे सदर लोक वाट बघून वाचत. उल्हास बुयांव गावोगाव कोंकणीत गात फिरत होते. निकाल लागला: पानांना 1,72,191 मतं, फुलाला 1,38,170. अंतर 34,021. महाराष्ट्रात अनेकांना तो जिव्हारी लागला. पण मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या माणसांनीच, मराठीत वाद घालून, शांतपणे वेगळं राहायचं ठरवलं, याचा आदर आपण तेव्हा पुरेसा केला नाही. भारतात एखाद्या प्रदेशाच्या राजकीय भवितव्यावर असा थेट कौल फार क्वचित घेतला गेलाय. आणि तो दोन पानांनी ठरवला.

[दृश्य: बैलजोडी. मग गाय-वासरू. मग चरखा.]

पक्ष फुटतो तेव्हा पहिलं भांडण चिन्हावरून होतं. 1969 ला काँग्रेस फुटली. 1971 च्या निवडणुकीत बैलजोडी दोघांनाही मिळाली नाही. इंदिरा गांधींनी गाय-वासरू घेतलं, जुन्या नेत्यांच्या वाट्याला चरखा चालवणारी बाई आली. जवळजवळ वीस वर्षं डोळ्यांत बसलेली बैलजोडी पुसून काही आठवड्यांत गाय-वासरू बसवायचं होतं. ते बसलं, आणि कसं बसलं ते निकालाने दाखवलं. शरद पवार 2023 मध्ये पक्ष फुटल्यावर म्हणाले होते, मी बैलजोडीवर लढलो, गाय-वासरावर लढलो, चरख्यावर, पंजावर, घड्याळावर लढलो. एका माणसाच्या कारकिर्दीत इतकी चित्रं! शिवसेनेचंही तसंच. धनुष्यबाण कायमचा मिळायच्या आधी तिचे उमेदवार वेगवेगळ्या चिन्हांवर उभे राहिले, त्यात मशालही होती. 1985 ला छगन भुजबळ मशालीवरच माझगावातून निवडून आले. 2022 ला धनुष्यबाण गोठवला गेला आणि उद्धव ठाकरे यांच्या पक्षाकडे तीच मशाल आली.

मोठ्या पक्षांचं हे झालं. अपक्षाचं काय? त्याला चिन्ह मिळतं अर्ज मागे घ्यायची मुदत संपल्यावर. तिथून मतदानापर्यंत बऱ्याचदा दोनच आठवडे हातात. तेवढ्यात कपबशी म्हणजे मी, छत्री म्हणजे मी, हे लाखो लोकांच्या मनात भरवायचं. ही मोकळी चिन्हं म्हणजे शिलाई मशीन, खाट, पतंग, गॅस सिलिंडर, शिट्टी, अशा घरात आणि बाजारात दिसणाऱ्या वस्तू. त्यातली कितीतरी आयोगाचे ड्राफ्ट्समन एम. एस. सेठी यांनी पेन्सिलीने काढली. 1992 साली ते निवृत्त झाले. मतदाराला अंगठ्याएवढ्या चौकोनात बघून ओळखता यावी म्हणून वस्तू किती साधी करायची, हे त्यांच्या रेषेला नेमकं ठाऊक होतं. आपल्याकडे ग्रामपंचायतीला पक्षाचं चिन्ह चालतच नाही, त्यामुळे गावात आजही लढाई होते ती कपबशी आणि नारळाची, विमान आणि रोडरोलरची.

[दृश्य: चौकातला भलामोठा फ्लेक्स.]

मग फ्लेक्स आला. रात्रीत छापून होतो, सकाळी टांगता येतो, पेंटरच्या तीन दिवसांच्या मजुरीपेक्षा स्वस्त. भिंतींवर आधीच कायद्याने बंधनं आली होती, उरलेलं काम फ्लेक्सने संपवलं. चिन्ह कोपऱ्यात गेलं आणि मधली सगळी जागा चेहऱ्यांनी घेतली. मला यात मोठा तोटा दिसतो. भिंतीवर पक्षाची खूण मोठी होती, आता माणूस मोठा झाला.

चेहऱ्याची एका ठिकाणी मात्र खरीच गरज होती. 2014 ला रायगड लोकसभेत सुनील तटकरे 2,110 मतांनी हरले, आणि त्याच नावाच्या दुसऱ्या उमेदवाराला साडेनऊ हजारांहून जास्त मतं पडली. असे प्रकार देशभर होत होते. 2015 पासून मतदान यंत्रावर नावापुढे उमेदवाराचा फोटो लागला. निर्णय उत्तम.

फोटोनेही सगळं सुटलं नाही. 2024 च्या लोकसभेला शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह होतं 'तुतारी वाजवणारा माणूस'. आणि मोकळ्या चिन्हांच्या यादीत एक ट्रम्पेट होतं, ज्याला लोक पिपाणी म्हणत होते. यादीत त्याचं मराठी नाव आलं 'तुतारी'. प्रचारात ज्यांनी "तुतारी, तुतारी" एवढंच ऐकलं, त्यांनी काय करावं? दिंडोरीत पिपाणीच्या अपक्षाला एक लाखावर मतं मिळाली, तरी तुतारीवाला निवडून आला. साताऱ्यात तुतारी 32,771 मतांनी पडली, पिपाणीला 37,062 मतं होती. त्यातली किती चुकून पडली, हे यंत्र सांगत नाही. पण ज्या देशाने घडीतून उमटलेल्या शाईचाही विचार केला, त्या देशात एवढी ढिलाई चालू नये. यादीतलं प्रत्येक चित्र यंत्रावर दिसतं त्याच आकारात छापून, मोतीबिंदू झालेल्या म्हाताऱ्यांपुढे ठेवून, त्यांना ओळखू येतं का ते विचारून, मगच ते उमेदवाराला द्यावं.