बर्लिनमध्ये विसरलेलं कडवं

नमस्कार श्रोतेहो.

आजचा विषय आहे जॅझचं गाणं. म्हणजे स्विंगच्या जमान्यातल्या आणि त्यानंतरच्या गायक-गायिकांच्या रेकॉर्डी. वेळ मिळालाय बारा मिनिटं. एवढ्या वेळात धीम्या लोकलने दादरहून कुर्ला गाठता येईल, जॅझ काही गाठता येणार नाही. म्हणून आधीच कबूल करतो, मला खरं तर एकच गोष्ट सांगायची आहे. बर्लिनची. आमच्या घरी मी नुसतं 'बर्लिन' म्हटलं की बायको चहाचं आधण ठेवायला उठते. दोन कप होईपर्यंत हा काही थांबत नाही, हे तिला पाठ झालंय. तुम्हीही ठेवा. तोवर मी आधीचं जरा उरकतो.

स्विंग म्हणजे साधारण १९३५ पासूनची दहा वर्षं. अमेरिकेत मोठमोठे बँड, पंधरा-सोळा वादक, समोर नाचणारी माणसं. गायिका बँडच्या कडेला खुर्चीवर बसलेली असायची. आपलं कडवं आलं की उठायचं, माईकपाशी जायचं, म्हणायचं आणि परत येऊन बसायचं. लोक यायचे बँडसाठी. गाणारी म्हणजे थाळीतली चटणी.

आणि हे सगळं रेकॉर्ड व्हायचं अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीवर. दहा इंची तबकडी, एका बाजूला तीन, फार तर सव्वातीन मिनिटं. आपल्याला यात नवल नाही, अब्दुल करीम खाँसाहेबांचे राग त्याच तीन मिनिटांत मावलेत. तर हे लक्षात ठेवा, तीन मिनिटं. आणि दुसरं लक्षात ठेवा, चूक चालायची नाही. टेप यायच्या आधी आवाज थेट मेणावर कोरला जायचा. शेवटच्या ओळीत कुणी अडखळलं तरी ते मेण बाद आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून. तीन मिनिटं, आणि चूक नाही.

या तीन मिनिटांत बिली हॉलिडे काय करायची ते ऐकण्यासारखं आहे. पहिली रेकॉर्ड १९३३ सालची, वय अठरा. १९३५ पासून टेडी विल्सन या पियानोवाल्याबरोबरच्या रेकॉर्डी. आवाजाचा पल्ला लहानच, जेमतेम सप्तकाच्या थोडा पलीकडे. पण मायक्रोफोन आलेला होता, ओरडायची गरज उरली नव्हती. ती शब्द मुद्दाम उशिरा टाकायची. ठेका पुढे जातोय आणि ही मागून, सावकाश, दाराला टेकून बोलल्यासारखी. तुम्हाला वाटतं आता सम चुकली, तेवढ्यात ती बरोबर जागेवर असते. आता हे असलं गाणं आपल्या मंडळांच्या स्पीकरवर एको टाकून लावलं तर काय ऐकू येईल? हा एको ज्याने शोधला त्याच्याविषयी मला बरंच बोलायचंय, पण ते पुन्हा कधीतरी.

गाणारे खुर्चीतून उठून मधोमध कसे आले, त्याचं एक कारण अगदी कामगार चळवळीतलं आहे. १९४२ च्या १ ऑगस्टपासून अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने रेकॉर्डिंगवर बहिष्कार घातला. दोन वर्षांहून जास्त चालला. वादक बंद, पण गायक त्या संघटनेत नव्हते. कंपन्यांनी मग गायकांना उभं केलं आणि साथीला माणसांचाच कोरस घेतला. वाद्यं नाहीत तर नाहीत. संप मिटला तोवर लोकांना गायकांची नावं पाठ झाली होती.

झालं. आता बर्लिन.

पण बर्लिनच्या आधी एला. एला फिट्झजेराल्ड. जन्म १९१७. आई गेली तेव्हा पंधरा वर्षांची. नोव्हेंबर १९३४ मध्ये न्यूयॉर्कच्या हार्लेम वस्तीत अपोलो थिएटरला हौशी कलाकारांची स्पर्धा होती, तिथे ही गेली. नाचायला गेली होती बरं का, गायला नाही. तिच्या आधी दोन बहिणी असं काही नाचून गेल्या की हिचे पायच गळाले. रंगमंचावर उभी, समोर हार्लेमचं पब्लिक, काहीतरी करायला तर हवं. मग ती गायली. आणि जिंकली. पुढच्या वर्षी चिक वेब या ड्रमवाल्याच्या बँडमध्ये आली, १९३८ मध्ये एका बडबडगीतावरून केलेलं तिचं गाणं अमेरिकाभर गाजलं, १९३९ मध्ये चिक वेब वारला आणि बावीस वर्षांची एला बँडची प्रमुख झाली. हे मी भराभर सांगतोय, कारण मला बर्लिनला जायचंय. फक्त एवढं लक्षात असू द्या: ही बाई गायला लागली ती ठरवलेलं फसलं म्हणून.

तर साल १९६०. तारीख १३ फेब्रुवारी. पश्चिम बर्लिन. भिंत अजून उभी राहिलेली नाही, ती पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये येणार. सभागृहाचं नाव डॉइचलांडहाले. आता ही इमारत कुठली, तर १९३५ मध्ये हिटलरच्या हस्ते उघडलेली. १९३६ च्या ऑलिम्पिकमधल्या बॉक्सिंग आणि कुस्त्या इथे झाल्या. ज्या राजवटीने ती बांधली, त्या राजवटीत जॅझ म्हणजे किडलेलं संगीत. १९३८ मध्ये ड्युसेलडॉर्फला 'भ्रष्ट संगीत' अशा नावाचं प्रदर्शनच भरवलं होतं आणि त्याच्या पोस्टरवर सॅक्सोफोन वाजवणाऱ्या काळ्या माणसाचं विद्रूप चित्र होतं. त्याच सभागृहात, बावीस वर्षांनी, हजारो जर्मन तिकीट काढून बसलेत आणि समोर एक काळी बाई उभी आहे. मागे चौघे. पॉल स्मिथ पियानोवर, जिम हॉल गिटारवर, विल्फ्रेड मिडलब्रुक्स बासवर आणि ड्रमवर गस जॉन्सन. या चौघांची नावं मी मुद्दाम घेतली. तिला त्या रात्री त्यांनीच सांभाळलं.

आता ती जाहीर करते 'मॅक द नाइफ'. हे गाणं मूळचं कुठलं? बर्लिनचंच! नाटककार ब्रेख्त आणि संगीतकार कुर्ट वाइल यांचं, १९२८ च्या ऑगस्टमध्ये बर्लिनच्या रंगभूमीवर आलेल्या संगीत नाटकातलं. मॅक नावाच्या सुरेबहाद्दर गुंडाची कीर्ती रस्त्यावरचा गाणारा सांगतो. १९३३ मध्ये ब्रेख्त आणि वाइल दोघांनाही जर्मनी सोडून पळावं लागलं. गाणं इंग्रजीत गेलं, १९५५ मध्ये लुई आर्मस्ट्राँग या ट्रम्पेटवाल्या गायकाने रेकॉर्ड केलं, १९५९ मध्ये बॉबी डॅरिनचं अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या नंबरावर होतं. म्हणजे बर्लिनचं पोर अमेरिकेत जाऊन मोठं झालं आणि आता एलाबरोबर माहेरी आलं.

ती सुरुवातीलाच श्रोत्यांना सांगते, हे अजून कुठल्या बाईने गायलेलं आम्ही ऐकलेलं नाही, प्रयत्न करून बघतो. आणि पुढे म्हणते, शब्द सगळे आठवतील अशी आशा आहे. ऐकताय ना? आधीच म्हणते. माझी आजी पुरणपोळी लाटायच्या आधी म्हणायची, 'फाटणार बघ', आणि ती फाटायचीच. तसं.

या गाण्याची एक खोड आहे, ती सांगितल्याशिवाय गंमत कळणार नाही. याला धृपद-अंतरा असं काही नाही. जात्यावरच्या ओव्यांसारखं आहे. चाल एकच, कडव्यामागून कडवी. पहिल्या कडव्याची चाल तीच, सातव्याचीही तीच. त्यामुळे चालीवरून शब्द आठवायची सोयच नाही. वर आणखी एक, दर थोड्या वेळाने गाणं अर्ध्या सुराने वर चढतं. समजा पांढरी पाचमध्ये सुरू केलं, की मग काळी चार, मग पांढरी सहा. चाल तीच, शब्द नवे आणि पट्टी सरकती. एकदा का हातातलं सुटलं की धरायला काही नाही.

सुरुवातीची कडवी नीट जातात. शार्क मासा, त्याचे दात, मॅकचा सुरा, रविवारची सकाळ आणि रस्त्यावर पडलेला माणूस. आणि मग जातं. गेलं! शब्द संपले.

आता तिच्या जागी तुम्ही आहात असं समजा. हजारो माणसं. समोर माईक, रेकॉर्डिंग सुरू. मी स्वतः चाळीच्या गणपतीत 'सुखकर्ता' म्हणताना दुसऱ्या कडव्यावर गप्प झालो होतो, वय वर्षं नऊ, त्या क्षणी तबलेवाला माझ्याकडे बघायला लागला आणि त्याचा हात थांबला. मला आजही तो थांबलेला हात दिसतो.

इथे हात थांबला नाही. गस जॉन्सन ठेका सोडत नाही. पियानो चालू. आणि एला? ती थांबत नाही, हसत नाही, माफी मागत नाही. तिला जे वाटतंय तेच ती त्याच चालीत, त्याच लयीत गाऊ लागते. आता पुढचं कडवं कुठलं बरं, हे गाते. हे काही मला येत नाही, पण गाणं झकास आहे आणि गाजतंय, म्हणून म्हटलं बघू, हेही गाते. यमक जुळवून गाते! बॉबी डॅरिनने याची रेकॉर्ड केली, लुई आर्मस्ट्राँगने केली आणि आता एला आणि तिची पोरं या गाण्याची पार वाट लावतायत, असं गाते. मधेच आर्मस्ट्राँगचा तो खरखरीत, घसा खवखवल्यासारखा आवाज काढते, हुबेहूब. पट्टी चढतेच आहे. शब्द नाहीत, पण सूर एकही हललेला नाही. एकही नाही. लोक वेडे झालेत, टाळ्या रेकॉर्डवर आहेत.

आणि आर्मस्ट्राँगची नक्कल तिथे सुचावी, यालाही मागे दोरा आहे. १९२६ मध्ये आर्मस्ट्राँगने रेकॉर्ड केलेल्या एका गाण्याची आख्यायिका अशी, की म्हणता म्हणता शब्दांचा कागद हातातून पडला आणि मेण वाया जाऊ नये म्हणून त्याने 'स्कॅट' सुरू केलं. स्कॅट म्हणजे निरर्थक बोल, आपला तराणा समजा. कागद पडला की पाडला हे देव जाणे. पण एवढं नक्की, की १९५५ मध्ये याच 'मॅक'च्या रेकॉर्डिंगला कुर्ट वाइलची विधवा लॉटे लेन्या स्टुडिओत आली होती, तर या पठ्ठ्याने मॅकच्या बायकांच्या यादीत तिचंही नाव गुंफून टाकलं. पुढे डॅरिनने ते तसंच ठेवलं. गाण्याचे शब्द असे आधीपासूनच ढिले होते.

आता मुद्दा येतो पुढचा. १९६० मध्ये टेप आली होती. लांब वाजणारी तबकडी, म्हणजे एल्‌पी आली होती. चुकलेलं कापता येत होतं, गाळता येत होतं. तिचा व्यवस्थापक आणि व्हर्व कंपनीचा मालक नॉर्मन ग्रांझ याने ते गाळलं नाही. आहे तसं छापलं, रेकॉर्डला नावही त्याच गाण्याचं दिलं. १९६१ च्या ग्रॅमी पुरस्कारांत त्या विसरलेल्या गाण्याला एक आणि त्या एल्‌पीला एक, अशी दोन बक्षिसं तिला मिळाली. विसरल्याबद्दल दोन!

हल्ली भावगीतांच्या कार्यक्रमांत गायकांसमोर स्टँडवर टॅब असतो. नजर त्यावर, बोट पान उलटायला. शब्द चुकत नाहीत, कबूल. पण पाठच नाहीत ते विसरणार कुठून? असो, मला यावरून पत्रं येतील.

त्या रेकॉर्डच्या शेवटी तिचं एक सात मिनिटांचं स्कॅट आहे. सात मिनिटं. जुन्या तबकडीच्या दुप्पट. तिथे शब्द तिने स्वतःहून सोडलेत. बोलांच्या मधून दुसऱ्याच गाण्यांचे तुकडे डोकावतात, एका गाण्यातला डोळ्यांत जाणारा धूर ती घाम करून टाकते, कारण तिला खरंच घाम आला होता. याच जातीचं आपल्या कानांवर आधी कुणी घातलं असेल तर पुणतांब्याच्या चितळकरांनी, म्हणजे सी. रामचंद्र यांनी. त्यांच्या साथीला हळदोण्याचा, गोव्याचा चिक चॉकलेट होता, मुंबईचा आर्मस्ट्राँगच तो. १९५७ चं 'ईना मीना डीका' आठवा, त्यातलं 'माका नाका' कोकणी घरात वाढलेल्याला लगेच कळतं. लोक त्याला पोरकट म्हणायचे. म्हणोत.

डॉइचलांडहाले २०११ मध्ये पाडलं. रेकॉर्ड आहे, आणि ती आत्ता समोर फिरतेय. साडेचार मिनिटांहून थोडं जास्त लागेल, निवेदन मी मधे करणार नाही, शप्पथ. आधी टाळ्या येतील, मग तिचं बोलणं, ते शब्द आठवण्याबद्दलचं. त्यानंतर रविवारची सकाळ गेली की कान एलावर ठेवू नका, गस जॉन्सनच्या ड्रमवर ठेवा. सुई टेकवतोय.